काचेच्या पेटीतलं ऊन

आमच्या गच्चीवर एक सौरचूल आहे. सासूबाईंनी १९८६ साली सरकारी अनुदानावर घेतलेली. जाडसर सुटकेसएवढी पेटी, आत काळा रंग दिलेला पत्रा, वर दुहेरी काच आणि तिच्यावर आरसा बसवलेलं झाकण. सोबत चार काळे डबे. साडेनऊला डाळ-तांदूळ धुऊन डबे आत ठेवायचे, आरसा वळवून काचेवर कवडसा पाडायचा आणि एकच्या सुमारास जाड फडकं घेऊन वर जायचं. इतक्या वर्षांत काचेभोवतीची रबरी पट्टी दोनदा बदलली, आरशाचा एक कोपरा काळवंडला, डब्यांना शाळेच्या फळ्याचा रंग मी किती वेळा दिला त्याची मोजदाद नाही. पण चूल चालते. तिच्यातल्या तुरीच्या डाळीचा दाणा दिसायला अख्खा राहतो आणि बोटाने दाबला की लोणी होतो.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मला या पेटीचं नवल वाटलं होतं. जानेवारीतली सकाळ, अंगावर शाल, नाकाचा शेंडा गार. पेटी उघडली आणि डब्याला चुकून बोट लागलं तर चटकाच बसला. बाहेर एवढा गारठा आणि आत हे कसं, असं मी विचारलं. सासूबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "ऊन आत शिरतं गं, पण त्याला बाहेर पडायची वाट सापडत नाही."

हे वाक्य माझ्या मनात राहिलं. पुढे कितीतरी वर्षांनी पृथ्वीच्या तापमानवाढीबद्दल वाचायला लागले, तेव्हा मागे मागे जाताना मी ज्या वस्तूपाशी पोहोचले ती एक पेटीच निघाली. काळी, लाकडी, वर काचा लावलेली.

ती बनवली जिनिव्हातल्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूरने. सुरुवातीचे प्रयोग १७६७ सालचे. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता. आज हे विचित्र वाटेल, पण त्या काळी ऊन, वारा, बर्फ, खडक यांचा विचार हा तत्त्वज्ञानाचाच भाग होता. 'सायंटिस्ट' हा शब्द जन्माला यायला अजून साठेक वर्षं होती. निसर्गाचं तत्त्वज्ञान, असंच त्या अभ्यासाला म्हणत. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात त्यालाच 'पदार्थविज्ञान' म्हणू लागले. टिळकांचे गुरू केरूनाना छत्रे तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत काम करत, तेव्हा ते याच परंपरेत शिरले होते.

सोस्यूरची सुरुवात अगदी घरगुती निरीक्षणापासून होते. खोलीत किंवा घोडागाडीत काचेतून ऊन आलं की आत जास्त उकडतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे, असं तो म्हणतो. मग त्याचं मोजमाप कुणी का केलं नाही? त्याने काचेच्या पाच पेट्या एकात एक बसवल्या, काळ्या टेबलावर उन्हात ठेवल्या आणि थर्मामीटर लावले. आतली पेटी सगळ्यांत जास्त तापली. आत ठेवलेली फळं शिजून रसाळ झाली. पुढे त्याने लाकडी पेटी केली, आतून काळ्या बुचाचं अस्तर दिलं, वर तीन काचा लावल्या. पारा १०९ अंश सेल्सिअसपर्यंत गेला, म्हणजे उकळत्या पाण्याच्याही वर. आमच्या गच्चीवरच्या चुलीची ही पणजीच.

पण त्याला स्वयंपाक करायचा नव्हता. त्याचा जीव आल्प्सच्या डोंगरांत गुंतलेला होता. मों ब्लांच्या माथ्यावर जाणाऱ्याला त्याने तरुणपणीच बक्षीस जाहीर केलं होतं, आणि १७८७ मध्ये तो स्वतःही तिथे पोहोचला. डोंगर चढणाऱ्या कुणालाही पडेल तो प्रश्न त्याला पडला होता. आपण सूर्याच्या दिशेने वर वर जातो, तरी थंडी का वाढते? उंचावर ऊनच दुबळं असतं का?

१७७४ मध्ये तो ती पेटी घेऊन क्रामों नावाच्या डोंगरावर चढला. माथ्यावर पेटी उन्हात ठेवली, आकडा लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी खाली दरीतल्या गावात तीच पेटी, तसंच ऊन. बाहेरच्या हवेत चांगलाच फरक होता, पण पेटीच्या आत दोन्हीकडे जवळपास सारखीच उष्णता. म्हणजे ऊन वरही तेवढंच तेजस्वी होतं. कमी होती ती हवा. डोंगरावरची हवा विरळ आणि नितळ असते, तिला ऊब धरून ठेवता येत नाही.

मला हा सगळा प्रसंग फार जवळचा वाटतो. खांद्यावर लाकडी पेटी, काचा फुटू नयेत म्हणून जपून टाकलेली पावलं, माथ्यावर वाऱ्यात तासन्‌तास थांबणं, आणि त्यातून हाती आलेली एवढीशी गोष्ट: हवा ऊब धरते, आणि सगळीकडे सारखी धरत नाही. आज जगभर ज्या विषयावर परिषदा भरतात त्याचं बी मला तिथे दिसतं, त्या माथ्यावर.

सोस्यूर १७९९ मध्ये गेला. पेटी मात्र एका फ्रेंच गणितज्ञाच्या लिखाणात पुन्हा वर आली.

जोझेफ फूरिए नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला होता. तिथून परत आल्यावर त्याला थंडी सोसेना. घर तापवून, अंगावर कपड्यांचे थर चढवून तो बसे, असं सांगतात. त्याने आयुष्यभर उष्णतेचाच विचार केला. तापलेल्या सळईतून उष्णता कशी सरकते, जमिनीत उन्हाळा किती खोल झिरपतो, आणि शेवटी सगळ्यांत मोठा प्रश्न: ही पृथ्वी आहे एवढी उबदार का आहे?

या प्रश्नापाशी थोडं थांबायला हवं. आज आपण विचारतो, पृथ्वी तापते का आहे. फूरिएला पडलेला प्रश्न त्याच्या आधीचा. सूर्याकडून ऊन येतं, ठीक. पण दिवसभर मिळवलेली उष्णता पृथ्वी अवकाशात टाकतही असते. मग ती गोठून का जात नाही? आजच्या हिशेबाने वातावरणाने ऊब धरली नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान शून्याखाली १८ अंश असतं. प्रत्यक्षात ते शून्याच्या वर १५ च्या आसपास आहे. मधल्या ३३ अंशांत आपली सगळी शेती, नद्या, जंगलं, आपण.

१८२४ च्या निबंधात फूरिएने सोस्यूरच्या पेटीचा दाखला दिला. उष्णता दोन प्रकारची, असं त्याने मांडलं: उजेडाबरोबर येणारी आणि अंधारातली. पहिली हवेतून सहज खाली येते. जमिनीला लागली की तिचं रूप पालटतं, आणि या दुसऱ्या रूपात तिला हवेतून वर जाणं अवघड पडतं. अंधारातली उष्णता कळायला उपकरण लागत नाही. एप्रिलमध्ये रात्री नऊ वाजता आमच्या गच्चीच्या पश्चिमेकडच्या कठड्यापासून वीतभर अंतरावर तळहात धरला की ती जाणवते. ऊन जाऊन अडीच तास झालेले असतात, डोळ्यांना काही दिसत नाही, पण भिंत काहीतरी देत असते.

फूरिए सगळंच बरोबर बोलला असं नाही. अवकाश फक्त ध्रुवांवरच्या हिवाळ्याइतकंच थंड असावं असं त्याला वाटत होतं, आणि पृथ्वीच्या उबेचा बराच वाटा त्याने त्या अवकाशाच्या पदरात टाकला होता. पण पेटीच्या बाबतीत तो फार सावध होता. त्याने लिहिलं, की हवेचे थर आहेत तसे पारदर्शक राहून जागच्या जागी थिजले असते, हलेनासे झाले असते, तर त्यांनी काचांसारखंच काम केलं असतं. 'थिजले असते तर'. कारण खरी हवा थिजलेली नसते, ती तापली की वर जाते. पुढे लोकांनी पेटी लक्षात ठेवली आणि ही अट विसरून गेले. म्हणून मुलांना अजूनही शिकवलं जातं की वातावरण म्हणजे काचघर. काचघर तापतं ते मुख्यतः आतली गरम हवा बाहेर निसटू शकत नाही म्हणून. १९०९ मध्ये रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने काचेचं झाकण आणि मिठाच्या स्फटिकाचं झाकण अशा दोन पेट्या उन्हात ठेवून पाहिल्या. मिठाचं झाकण अंधारातली उष्णता अडवत नाही, तरी दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या. वातावरणात गोष्ट वेगळी आहे. तिथे झाकण नाही. तिथे हवेतले काही वायू जमिनीकडून निघालेली अदृश्य उष्णता स्वतः शोषतात आणि पुन्हा सगळ्या दिशांना, त्यात खालीही, परत देतात. सासूबाईंचं वाक्य चुलीला लागू होतं. पृथ्वीला लागू करायचं तर 'वाट सापडत नाही' ऐवजी 'वाटेत पुन्हापुन्हा धरलं जातं' असं म्हणावं लागेल.

हा झाला एक प्रवाह, ऊब का टिकते याचा. दुसरा प्रवाह याहून कितीतरी जुना आहे, आणि तो आपल्या भाषेतही वाहतो आहे.

मराठीत 'हवा' हा एकच शब्द आपण दोन गोष्टींना वापरतो. श्वासात घेतो ती हवा, आणि आज पडली आहे तीही हवा. 'हवा पालटली', 'इथली हवा मला मानवली', 'कोकणातलं हवापाणी'. 'हवामान' शब्द फोडला तर अरबी 'हवा' आणि संस्कृत 'मान', म्हणजे हवेचं माप. मी नऊ वर्षांची असताना मला टायफॉइड झाला, तेव्हा डॉक्टरांनी 'हवापालट' सांगितली आणि काकांनी मला महिनाभर पाचगणीला नेलं. हवापालट म्हणजे माणसाने हवा बदलायला जायचं. हवाच बदलून आपल्याकडे येईल, हा अर्थ तेव्हा त्या शब्दात कुणाच्या डोक्यात नव्हता.

हवा आणि पाणी यांची ही जोडी ग्रीकांकडेही होती. हिपॉक्रेटिस या वैद्याच्या नावावर चालत आलेल्या एका ग्रंथाचं नावच हवा, पाणी आणि जागा यांवरून आहे. परगावी गेलेल्या वैद्याने आधी तिथले वारे आणि पाणी पाहावं, असं तो सांगतो. त्यानंतर अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस. झाडाझुडपांचा हा अभ्यासक इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवतो, की ग्रीसच्या थेसली भागातल्या लारिसाजवळची दलदल लोकांनी उपसून काढली, त्यानंतर तिथली थंडी वाढली आणि पूर्वी तगणारी ऑलिव्हची झाडं गारठून मेली. फिलिपीजवळ झाडी तोडून जमीन कोरडी केली, तिथे हवा उबदार झाली. कारणं बरोबर की चूक हा भाग बाजूला ठेवू. पण माणसाने जमिनीला हात लावला की तिथली हवा बदलते, हे दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी एका माणसाला दिसलं होतं आणि त्याने ते नोंदवून ठेवलं होतं. हवामान माणसाच्या हातात नाही, ते देवाधीन आहे, असं समजण्याच्या काळात.

हा विचार नंतर मरत नाही. बेटांवरची झाडी तोडल्याने पाऊस कमी झाला, असं कोलंबसाला वाटत असल्याचं त्याच्या मुलाने लिहिलं. अठराव्या शतकात अमेरिकेत वसलेल्या लोकांचा मोठा वाद चालला होता, जंगल तोडून शेती केल्याने आपले हिवाळे सौम्य झाले की नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला जेफरसन म्हणत होता झाले. कोशकार नोआ वेब्स्टरने पुरावे तपासून त्याला खोडून काढलं. १८०० मध्ये जर्मन निसर्ग-अभ्यासक हम्बोल्ट व्हेनेझुएलातल्या व्हॅलेन्सिया तळ्याकाठी उभा राहिला, पाणी दरवर्षी मागे सरत होतं, आणि त्याने कारण सांगितलं ते भोवतालच्या डोंगरांवरची वृक्षतोड.

आणि हाच विचार गलबतातून आपल्या किनाऱ्यालाही लागला. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटलंडचा डॉक्टर १८३८ पासून पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख होता. (त्या बागेतल्या झाडांची सुंदर चित्रं एका स्थानिक चित्रकाराने काढली. ती आज एडिंबरामध्ये जपून ठेवलेली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही, आणि ते मला सारखं खुपतं.) १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याच्या जंगलांचा पहिला संरक्षक झाला. कोकणातल्या उतारांवरची झाडी गेली की झरे आटतात, नद्यांची मुखं गाळाने भरतात, हे तो सरकारला कळवत राहिला. माझं माहेर गुहागरकडचं. आटलेली विहीर आणि बोडकी टेकडी यांचा संबंध आमच्या आजीला कुणी शिकवला नव्हता. पण तो संबंध सरकारी कागदावर आला तो असा, निसर्गाच्या तत्त्वज्ञानाच्या वाटेने.

याला एक काळी बाजूही आहे आणि ती झाकून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. पावसासाठी जंगल राखायला हवं, या कारणाच्या शेजारीच सरकारला जहाजांसाठी आणि पुढे रेल्वेसाठी साग हवा होता हेही कारण उभं होतं. दोष टाकला गेला तो डोंगरात फिरती शेती करणाऱ्यांवर. कुमरी, दळी करणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्या उतारावर नाचणी-वरी पिकवत होते, तिथे ते गुन्हेगार ठरले. हवेच्या काळजीने केलेला कायदा गरिबाच्या ताटातून भाकरी काढून घेऊ शकतो, हे आपल्या सह्याद्रीने दीडशे वर्षांपूर्वीच पाहिलं आहे. आज कुठे प्रकल्प, कुठे अभयारण्य, कुठे वृक्षारोपण जाहीर होतं तेव्हा मला त्या नाचणीच्या उतारांची आठवण होते.

तर असे हे दोन प्रवाह. एकात प्रश्न होता, माणूस हवा बदलतो का? उत्तर येत होतं, हो, कुऱ्हाडीने. दुसऱ्यात प्रश्न होता, हवा ऊब कशी धरते? उत्तर हळूहळू उलगडत होतं. शंभरेक वर्षं हे दोन्ही जवळजवळ शेजारून वाहिले आणि एकमेकांत मिसळले नाहीत. मला या गोष्टीचं सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटतं.

ऊब कशी टिकते या प्रवाहात आता एक बाई येते.

युनिस फूट. न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स गावी राहणारी. १८४८ मध्ये त्याच गावात स्त्रियांच्या हक्कांची पहिली परिषद भरली, तिच्या जाहीरनाम्यावर हिची सही आहे. घरी हिने काचेच्या दोन नळ्या घेतल्या, चार इंच व्यासाच्या, तीस इंच लांब. प्रत्येकीत दोन थर्मामीटर. एका हवेच्या पंपाने एका नळीतली हवा विरळ केली, दुसरीत दाबून भरली, आणि दोन्ही उन्हात ठेवल्या. मग कोरडी हवा आणि दमट हवा. मग वेगवेगळे वायू. हायड्रोजनमध्ये पारा १०४ फॅरनहाइट, साध्या हवेत १०६, ऑक्सिजनमध्ये १०८, आणि कार्बनिक आम्लवायूत, ज्याला आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो, १२५. सेल्सिअसमध्ये सांगायचं तर साध्या हवेत ४१ आणि या वायूत जवळपास ५२.

तिने आणखी एक गोष्ट टिपली. उन्हातून बाजूला केल्यावर त्या वायूची नळी निवायला कितीतरी पट जास्त वेळ लागला. आणि मग, दोन पानांच्या त्या निबंधात, ती एक वाक्य लिहिते: या वायूचं वातावरण असलं तर पृथ्वीचं तापमान खूप जास्त असेल, आणि काहींना वाटतं तसा पूर्वी कधी हवेत हा वायू आजच्यापेक्षा जास्त असेल, तर त्या काळी उष्णता नक्कीच वाढलेली असणार.

ऑगस्ट १८५६ मध्ये ऑल्बनीच्या विज्ञान परिषदेत हा निबंध वाचला गेला. वाचला जोझेफ हेन्री या भौतिकशास्त्रज्ञांनी. ती स्वतः नाही. त्याच वर्षी तो छापूनही आला आणि नंतर दीडशे वर्षं जवळजवळ कुणाच्याच लक्षात राहिला नाही. २०११ मध्ये एका निवृत्त भूशास्त्रज्ञाने जुनी पुस्तकं चाळताना तिला पुन्हा उजेडात आणलं.

तिच्या प्रयोगात एक उणीव होती, तीही सांगते. तिच्या नळ्यांवर थेट ऊन पडत होतं. उजेडाची उष्णता आणि अंधारातली उष्णता यांची फारकत तिला करता आली नाही. ती केली तीन वर्षांनी लंडनमध्ये जॉन टिंडलने. आयर्लंडचा, गरीब घरातून वर आलेला, सोस्यूरसारखाच डोंगरवेडा माणूस. त्याने लांब पितळी नळी घेतली. तिच्या दोन्ही टोकांना काच लावून चाललं नसतं, कारण अंधारातली उष्णता काचेतच अडते. म्हणून त्याने मिठाच्या स्फटिकाच्या, म्हणजे आपल्या सैंधवाच्या, घासून चकचकीत केलेल्या चकत्या लावल्या. एका बाजूला उकळत्या पाण्याचं भांडं, दुसऱ्या बाजूला अतिशय हळवं उष्णतामापक. नळीत एकेक वायू भरून तो पाहू लागला. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन: उष्णता सरळ आरपार. हवेचा जवळजवळ सगळा भाग जणू नाहीच. मग दिव्याचा कोळशापासूनचा गॅस, मग कार्बनिक आम्लवायू, मग पाण्याची वाफ: सुई हलली. डोळ्यांना यांतलं काहीच वेगळं दिसत नाही, सगळं नितळ. पण अंधारातल्या उष्णतेच्या नजरेने पाहिलं तर हे थोडेसे वायू काळेकुट्ट आहेत. त्याने अत्तरंसुद्धा सोडली नाहीत. चंदन, गुलाब, लवंगेचं तेल, यांच्या वासाइतक्या वाफेनेही उष्णता अडते का ते मोजलं.

पाण्याच्या वाफेबद्दल तो म्हणाला, की माणसाला कपडे जितके गरजेचे आहेत त्याहून इंग्लंडच्या झाडापाल्याला हे पांघरूण गरजेचं आहे. उन्हाळ्यातल्या एका रात्रीपुरतं ते काढून घेतलं तर गारठ्याने मरू शकणारं एकही झाड उरणार नाही. हे खरं आहे की नाही ते माझ्या मावसबहिणीला विचारावं. तिची निफाडजवळ द्राक्षबाग आहे. डिसेंबर-जानेवारीत आभाळ स्वच्छ, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला की त्या घरात कुणी झोपत नाही. पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो, आणि बागेत जागोजागी शेकोट्या पेटवून धूर करतात. ढग आले तर थंडी मोडते, पण मग डाऊनी या बुरशीच्या रोगाची धास्ती. त्याच रात्री गुहागरला माझा भाऊ एका चादरीवर झोपलेला असतो. ऊन दोघांनाही दिवसभर सारखंच मिळालेलं. समुद्राची ऊब आहेच, पण कोकणातल्या दमट हवेने रात्री पांघरूण घातलेलं असतं आणि निफाडच्या आभाळाने ते काढून घेतलेलं असतं.

आणि तरीही टिंडलच्या मनात गिरण्यांची धुराडी नव्हती. फूटच्याही नव्हती. ज्या लंडनमध्ये तो प्रयोग करत होता तिथलं आभाळ कोळशाच्या धुराने भरलेलं, प्रयोगात कोळशाचाच गॅस, पण त्याला कोडं पडलं होतं ते हिमयुगांचं. आल्प्समधल्या हिमनद्या एके काळी खाली दरीपर्यंत का आल्या होत्या? हवेत या वायूंचं प्रमाण बदललं असेल म्हणून? समोरची धुराडी दिसत असून ती हिशेबात न येणं, यासाठी मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः बारा वर्षं कोळशाच्या विजेवर गीझर चालवून त्याच गच्चीवर सौरचूल मांडत होते, आणि दोन्हींचा संबंध माझ्या मनात आला नव्हता.

प्रवाह मिसळले ते १८९६ मध्ये, स्टॉकहोममध्ये. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अर्‍हेनियसने हिमयुगाच्याच कोड्यासाठी वर्षभर हाताने हजारो आकडेमोडी केल्या आणि सांगितलं, की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. आजचा अंदाज बहुधा अडीच ते चार अंश. संगणक नाही, उपग्रह नाही, चंद्राच्या उजेडावरून काढलेली मोजमापं हाताशी, आणि तरी माणूस इतका जवळ गेला. त्याचा सहकारी हॉग्बोम याने जाळलेल्या कोळशाचा हिशेब मांडला होता. तेव्हाच्या वेगाने हवेतला हा वायू दीडपट व्हायला तीन हजार वर्षं लागतील, असं निघालं. कारखानदारीच्या आधी हवेच्या दशलक्ष भागांत हा वायू २८० च्या आसपास होता. १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर मोजणी सुरू झाली तेव्हा सुमारे ३१५ होता. आता ४२० च्या वर आहे. दीडपट झाला. कुऱ्हाडीची जागा भट्टीने घेतली, आणि लारिसाच्या दलदलीची जागा सगळ्या पृथ्वीने.

दशलक्षात ४२० म्हणजे किती, हे मला नातीला दाखवायचं होतं. ती सातवीत आहे. पानाच्या डब्यातला चुना घेतला, पाण्यात कालवला, रात्रभर ठेवला, सकाळी वरची निवळी अलगद दोन काचेच्या वाट्यांत ओतली. एकीत तिला स्ट्रॉने फुंकायला सांगितलं, ओढू नकोस म्हणून चारदा बजावलं. पाच-सात फुंकरांत पाणी दुधाळ झालं. १७५० च्या दशकात एडिंबराच्या जोझेफ ब्लॅकने याच निवळीने हा वायू हवेपासून वेगळा ओळखला होता. चुनखडीतून निघणारा आणि आपल्या श्वासातून निघणारा वायू एकच, हे त्याला असंच दिसलं होतं. हे तिला सांगेपर्यंत तिची शाळेची रिक्षा आली.

दुसरी वाटी ओट्यावर तशीच राहिली. संध्याकाळी ती शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि पाणी प्यायला ओट्यापाशी गेली. त्या वाटीवर गार होत आलेल्या दुधावर धरते तशी पातळ पांढरी साय धरली होती. तिने बोटाच्या टोकाने तिला हळूच स्पर्श केला. साय तडकली आणि तिचे कपचे पाण्यावर तरंगू लागले.

"आजी," ती म्हणाली, "पण हिच्यात तर कुणीच फुंकलं नव्हतं."